सासूबाईंच्या रिपोर्टमधला ‘आर’ आणि शेडवरची पाण्याची टाकी

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर. त्याला जोड म्हणून करारावर ब्रॉयलरचं शेड आहे, पाच हजार पक्ष्यांचं. दिवाळीनंतर सासूबाईंना लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. नेहमीच्या गोळ्यांनी उतरेना म्हणून लातूरला नेलं. लघवीचा कल्चर रिपोर्ट आला, त्यात एकाखाली एक नुसतं ‘आर’, ‘आर’. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडणार नाहीत, इंजेक्शनं द्यावी लागतील. आठवडाभर ॲडमिट होत्या, आता बऱ्या आहेत. पण डॉक्टरांनी सहज विचारलं, घरी कोंबड्या आहेत का? तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. शेडच्या टाकीत औषध मीच कालवते. पिल्लं आली की पहिले पाच दिवस, वातावरण बदललं की पुन्हा, लिफ्टिंगच्या (पक्षी विक्रीला उचलण्याच्या) आधी ‘सेफ्टी’ म्हणून आणखी एकदा. माझ्याच हातानं हे घरात आलं का? जाऊबाई तसं बोलूनही दाखवतात. आमचे मालक म्हणतात, औषध थांबवलं तर मर वाढेल आणि कंपनी पैसे कापेल. शेड बंद करावं का? घरात चिकन खावं की नाही?

— एक भगिनी, औसा तालुका

उत्तर

ताई, जिवाला लागलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सासूबाईंच्या लघवीतला जंतू तुमच्या शेडमधून आला, असं त्या रिपोर्टवरून कुणालाही सांगता येणार नाही. जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. ‘एस’ म्हणजे चालतं, ‘आर’ म्हणजे चालत नाही. जंतू आला कुठून हे शोधायचं तर सासूबाईंचा जंतू आणि कोंबड्यांच्या विष्ठेतले जंतू दोन्ही घेऊन त्यांचे जनुक जुळवून पाहावे लागतात. तसं कुणी केलेलं नाही. तेव्हा तुमच्यावर बोट ठेवायचा हक्क ना जाऊबाईंना आहे, ना तुमच्या स्वतःच्या मनाला. जाऊबाईंना हे एवढं वाचून दाखवलंत तरी चालेल.

पण शेडचा काडीचा संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. तुम्ही सरळ विचारलंय, तर सरळच सांगायला हवं.

लघवीच्या जंतुसंसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू सापडतो, आणि तो येतो आपल्याच आतड्यातून. माझ्या, तुमच्या, बैलाच्या, कोंबडीच्या, सगळ्यांच्या आतड्यात तो राहतो आणि एरवी कुणाला त्रास देत नाही. मग सासूबाईंच्या आतड्यातला ई. कोलाय इतका निबर, म्हणजे औषधांना न जुमानणारा, कसा झाला? वाटा बऱ्याच आहेत. पहिली वाट त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची. ‘नेहमीच्या गोळ्या’ असं तुम्ही लिहिलंत, तिथंच मी थांबलो. म्हणजे जळजळ झाली की मेडिकलवरून पट्टी आणायची, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, असं चाललं असणार. दुसरी वाट दवाखान्यातल्या मुक्कामाची. तिसरी पाण्याची, आणि माणसाच्या हातातून माणसाच्या पोटात जाण्याची. नेदरलँड्समध्ये अशा निबर ई. कोलायचा माग काढणारा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून जास्त वाटा माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या जंतूंचा निघाला. अन्न आणि जनावरं त्यानंतर. कोंबडी ही एकमेव गुन्हेगार नाही, हे त्या देशात दिसलं. आपल्याकडे उघडी गटारं आहेत, चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं आहेत, त्यामुळे माणसांचा वाटा कमी धरायचं काही कारण मला दिसत नाही.

आता शेडकडे येऊ. तुमच्या टाकीत जे कालवलं जातं त्याचं कोंबडीच्या पोटात काय होतं, ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

तुमच्या भागात आज सोयाबीन दिसतं, पण मराठवाड्यातला कापूस तुम्हाला माहीत आहेच. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं, झाडातच अळीचं विष तयार करणारं, बोंडअळी दिसेनाशी झाली. मग शिवारंच्या शिवारं बीटीनं भरली, पाकिटासोबत आलेलं बिगरबीटी बी कडेनं लावायचं ते फार कुणी लावलं नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. अळीला कुणी हे शिकवलं नव्हतं. लाखात ज्या मोजक्या अळ्यांना ते विष बाधत नव्हतं त्या तगल्या, आणि पुढची पिढी त्यांचीच झाली. कोंबडीच्या आतड्यात हेच घडतं, फक्त वेग भयंकर. अनुकूल जागा मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. औषधानं मरणारे मरतात, न मरणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. आणि अळीला जे जमत नाही ते या जंतूंना जमतं. औषध पचवण्याचा गुण डीएनएच्या एका छोट्या गोल तुकड्यावर असतो, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. तो तुकडा एक जंतू शेजारच्या जंतूला देऊन टाकतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. एकाच तुकड्यावर चार-पाच औषधांचा बंदोबस्त असू शकतो, म्हणून तुम्ही एक औषध दिलंत तरी जंतू चार औषधांना निबर निघतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या एका शेतावर हे प्रत्यक्ष करून पाहिलं आणि १९७६ मध्ये छापलं. काही कोंबड्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक मिसळलं, काहींना साधं खाद्य दिलं. औषधवाल्या कोंबड्यांच्या पोटातले जवळपास सगळे जंतू आठवड्याभरात त्या औषधाला निबर झाले. पुढच्या काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचातही निबर जंतू वाढले. शेजाऱ्यांच्यात तेवढे नव्हते. औषध फक्त ते एकच दिलं होतं, जंतू इतर औषधांनाही दाद देईनात. पण ताई, त्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी बहुतेक माणसांच्या पोटातून ते जंतू ओसरले होते. म्हणजे टाकीत काय पडतं यानं घरात फरक पडतो, आणि तो दोन्ही बाजूंनी पडतो.

आता औषधांची नावं. पिल्लं आल्यावर पहिले पाच दिवस तुम्ही देता ते बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन असावं, शेडवर सगळे त्याला एन्रो म्हणतात. बाटली हातात घेऊन वाचा. कोंबडीच्या अंगात एन्रोचा काही भाग बदलून सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. हेच सिप्रो माणसांना देतात. सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे काय लिहिलंय ते पाहा, मला वाटतं ‘आर’च असेल. अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोची परवानगी काढून घेतली, कारण कोंबडीतून येणारे जुलाबाचे जंतू सिप्रोला जुमानेनासे झाले होते. आपल्याकडे एन्रो चालू आहे. आजारी पक्ष्याला, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं, पूर्ण मात्रेत दिलं तर माझी हरकत नाही. निरोगी पिल्लांना पहिल्या दिवसापासून पाजणं मला अजिबात मान्य नाही.

दुसरं नाव कोलिस्टिन. शेडच्या कपाटात जुनी पाकिटं असतात, पोटाची पावडर, वजनाची पावडर. एकेक काढा आणि बारीक अक्षरं वाचा. कुठं ‘कोलिस्टिन सल्फेट’ दिसलं तर ते पाकीट आजच बाजूला काढा. माणसांत हे औषध किडनीला झेपत नाही म्हणून मागे पडलं होतं. आता आयसीयूत बाकी सगळं हरलं की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. चीनमध्ये डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि दवाखान्यातल्या रुग्णांत कोलिस्टिनला निबर करणारा, प्लाझ्मिडवर बसून फिरणारा जनुक सापडला, ती बातमी नोव्हेंबर २०१५ ची. भारत सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाद्य-जनावरं, कोंबड्या, मासे आणि पशुखाद्य यांच्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. कुणी आणून दिलं तर सरळ नाही म्हणा. कायदा तुमच्या बाजूनं आहे.

शेड बंद करू नका. कोरडवाहू चार एकरावर घर चालत नाही हे मला सांगायची गरज नाही, आणि तुम्ही बंद केलंत तर ती पिल्लं दुसऱ्या शेडवर जातील, तिथल्या टाकीत तेच पडेल. बंद करायचं आहे ते ‘सेफ्टी’चं औषध. लिफ्टिंगच्या आधीचं तर आधी. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटच्या डोसनंतर किती दिवस पक्षी कापायचा नाही ते लिहिलेलं असतं. तो काळ न पाळता पक्षी बाजारात गेला तर औषधाचा अंश मांसात जातो. शिजवल्यानं जंतू मरतात, पण औषधाचा अंश सगळा जात नाही, एन्रोसारखी औषधं चुलीच्या आचेला बऱ्यापैकी टिकतात.

दाजींची भीती मात्र खोटी नाही. करारात मर आणि एफसीआर (किलोभर वजनाला किती खाद्य लागलं) यांवर पैसे ठरतात, चार पोती खाद्य जास्त लागलं की हिशोबात कापलं जातं. म्हणून औषधाच्या जागी काही तरी हवं, आणि ते बाटलीत मिळत नाही. पहाटे शेडमध्ये शिरताना डोळे चुरचुरतात का, ते आधी पाहा. चुरचुरत असतील तर तो अमोनिया. ओल्या लिटरमधून, म्हणजे कोंबड्यांखालच्या तुसाच्या थरातून, तो उठतो, पिल्लांच्या श्वासनळीचं आतलं अस्तर खराब करतो, आणि तिथून ई. कोलाय आत घुसतो. शेडवर ज्याला सगळे ‘सीआरडी’ (श्वासाचा जुनाट आजार) म्हणतात त्यातला मोठा भाग इथं सुरू होतो. थंडीत आपल्याकडे रात्रभर पडदे घट्ट बांधतात, ऊब राहावी म्हणून. वरून वीतभर फट ठेवा. पाणी पिण्याचं निप्पल गळत असेल तर त्याखालचं लिटर रोज उकरा, गोळा झालेलं काढून कोरडं तूस टाका. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली) ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. एकमेकांवर चढून गोळा झाली तर गारठलीत, भिंतीला जाऊन चोची उघडून बसली तर तापलीत.

आणि पाणी. तुमच्याकडं बोअरचं जड पाणी, पाइपात आतून बुळबुळीत थर बसतो. त्या थरात जंतू सुखानं राहतात, औषध टाकलं तरी त्यांना लागत नाही. प्रत्येक बॅचनंतर लाइन धुवा, बॅच चालू असताना टाकीत क्लोरीन ठेवा. फक्त लासोटा (राणीखेत रोगाची लस) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद, नाहीतर लस मरते. माझ्या मते निम्म्या शेडवर औषधाच्या बाटलीपेक्षा ही पाइपलाइन धुण्याची जास्त गरज आहे.

कंपनीच्या सुपरवायझरला एकच गोष्ट मागा, लेखी. कोणतं औषध, कशासाठी, किती दिवस, कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्यानं, हे शेड कार्डावर लिहून सही करायची. सहीची वेळ आली की ‘सेफ्टी’चे डोस आपोआप कमी होतात. खाद्याच्या पोत्यावरचं लेबलही विचारा, त्यात वाढीसाठी अँटिबायोटिक आहे का म्हणून. स्वीडननं ते १९८६ मध्ये बंद केलं, सगळ्या युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. तिथं पोल्ट्री बुडाली नाही. खाद्य कंपनीचं असतं, तुमच्या हातात नाही, हे खरं. पण दहा शेतकऱ्यांनी विचारलं तर विचारणा वरपर्यंत जाते.

शेड आणि घर यांच्यामध्ये एक रेघ आखा. शेडची चप्पल वेगळी, घरात येण्याआधी साबणानं हात. लंगडा, मागे राहिलेला पक्षी घरी कापून खायची पद्धत बहुतेक शेडवर असते, तुमच्याकडे असेल तर थांबवा. औषध चालू असलेल्या बॅचमधला पक्षी तर मुळीच नको. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे न टाकता विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात, चुना टाकून. लिटर उसाला विकत असाल तर ठीक आहे, पण ओलं करून, ढीग लावून, वर ताडपत्री टाकून काही आठवडे तापू द्या, मधून उलटवा. ढिगाच्या पोटात हात घालवत नाही इतकी उष्णता झाली पाहिजे. कच्चं लिटर मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात कधीच नाही.

चिकन खा. आपला रस्सा भरपूर उकळतो, मांसाच्या आतपर्यंत ७४ अंश गेले की ई. कोलाय, साल्मोनेला कुणी उरत नाही, निबर असो की साधा. अँटिबायोटिकला निबर झालेला जंतू आचेला निबर नसतो. धोका शिजण्याच्या आधी आहे. कच्चं चिकन नळाखाली जोरात धुतलं की शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर जातात. त्याच हातानं विळीवर कांदा-लिंबू चिरलं की ते कच्चंच ताटात येतं. म्हणून कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवा, चिकन शेवटी, आणि मग विळी, हात, ओटा साबणानं.

सासूबाईंबद्दल. मी पशुवैद्यक आहे, त्यांचा उपचार त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण तीन गोष्टी त्यांच्याशी बोला. हा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी दाखवा, घरी पोल्ट्री आहे हेही सांगा. पुन्हा त्रास झाला तर शक्यतो औषध सुरू करायच्या आधी लघवीचा नमुना द्या. आणि जळजळ, ताप काही नसताना नुसत्या रिपोर्टमध्ये जंतू दिसला तर गोळ्यांसाठी हट्ट धरू नका. वय झालेल्या बायकांच्या लघवीत जंतू असणं पुष्कळदा आढळतं, त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही, आणि दिलेलं औषध आणखी निबर जंतू मागे ठेवून जातं. मेडिकलवरच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. साखर तपासली नसेल तर तपासून घ्या.

राहिला सर्वांत महत्त्वाचा बदल. मर सुरू झाली की आज तुमच्याकडे आधी बाटली उघडते. यापुढे आधी पक्षी उघडला पाहिजे. सुपरवायझर शेडवर पीएम (मेलेला पक्षी चिरून तपासणी) करतात, त्यांना सांगा, मला दाखवून करा. हृदयावर आणि कलेजीवर पांढरा-पिवळा पापुद्रा, चिकटलेल्या सायीसारखा, दिसला तर ई. कोलायचा आजार. आतड्याच्या टोकाच्या दोन आंधळ्या नळ्यांत रक्त दिसलं तर कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा परजीवीचा आजार), त्याचं औषध निराळं. शेपटीजवळची गाठ सुजलेली असेल तर गंबोरो, जठराच्या गाठींवर रक्ताचे ठिपके असतील तर राणीखेत असू शकतो. हे दोन्ही विषाणूचे आजार. त्यांच्यावर एन्रोची अख्खी पेटी ओतली तरी एक पक्षी वाचत नाही, फक्त निबर जंतूंची बॅच तयार होते.

डोळ्यांनी ओळखलं तरी कोणतं औषध चालेल हे नमुन्यातूनच कळतं. उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, लातूरहून उदगीर फार लांब नाही. कंपनीच्या डॉक्टरांना सांगून किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना तिथं पाठवा. पक्षी त्याच सकाळी मेलेला हवा, औषध सुरू करायच्या आधीचा. दोन पिशव्यांत बांधून, बर्फाच्या डब्यात, पण बर्फात गोठवायचा नाही. सोबत चिठ्ठी: वय किती दिवस, रोजची मर किती, कोणती लस कधी झाली, आधी काय दिलं. जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे.

फक्त एका प्रसंगी पक्ष्याला हातही लावू नका. एका रात्रीत ढिगानं पक्षी मेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर पीएम नाही, बाहेर नेणं नाही, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी शेडचं दार लावून घ्या, मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत कुणालाही आत सोडू नका, सुपरवायझरलाही नाही.